घरोघरच्या देवतांना मुख देणारा चित्रकार

घटस्थापना झाली, अखंड दीप लागला, पहिली माळ चढली, की घरातील लहानथोर देवीपुढे हात जोडून उभे राहतात. देव्हाऱ्यात कुलदेवतेचा टाक असतो, पितळेची वा पंचधातूची मूर्ती असते. आणि बहुधा त्यामागील भिंतीवर चौकटीत बसविलेले एक चित्र असते. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि बाजूस सोंडेत माळ धरलेला गजराज. अथवा शिलाखंडावर बसून वीणावादन करणारी सरस्वती आणि जवळच मयूर. ही मुखे आपल्या इतक्या परिचयाची झाली आहेत, की लक्ष्मी म्हटले म्हणजे तेच मुख मिटल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पुराणांनी देवतांची आयुधे सांगितली, वाहने सांगितली, वर्ण आणि आसने सांगितली. परंतु ओठांची मुरड केवढी असावी, पापणी किती झुकावी, दृष्टी भक्तावर स्थिरावी की त्याच्या पलीकडे जावी, हे ठरविण्याचे काम चित्रकाराकडे आले. आपल्या घरांपुरते बोलायचे, तर ते काम ज्यांनी केले ते राजा रविवर्मा. शारदीय नवरात्राच्या या मंगल पर्वात त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. मनुष्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, हा त्या चरित्रातील आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे.

रविवर्मा केरळचे. तथापि त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्या सह्याद्रीच्या कुशीत गुंतलेला आहे. नेरुळजवळच्या सारसोळ्याचे उदाहरण घ्या. खाडीकाठचे हे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भोवती नवी मुंबई वसली, उंच इमारती आणि रुंद रस्ते आले. पण खाडी, होड्या आणि कुलाचार गावाने सोडले नाहीत. या पट्ट्यातील आगरी-कोळी कुटुंबांची माउली म्हणजे कार्ल्याच्या डोंगरावरील एकवीरा आई. तिच्या दर्शनास जाणाऱ्यांना लोहमार्गावरील मळवली हे लहानसे स्थानक ठाऊक असते. याच मळवलीच्या परिसरात, एकवीरेच्या डोंगरापासून जवळच, रविवर्म्यांचा छापखाना अनेक दशके चालला. ज्या चित्रांपुढे आपल्या आज्या-पणज्यांनी निरांजने ओवाळली, त्यांतील कितीतरी त्याच वाटेवर छापली गेली. यात्रेला जाताना पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

किळिमानूरचा बालक

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे राजकुलाशी सोयरिकीने जोडलेले. संस्कृत विद्या, काव्य आणि कथकली यांचा घरात नित्य वावर. वडील नीलकंठन् भट्टतिरिपाद हे विद्वान; आई उमांबा स्वतः कवयित्री. पार्वतीस्वयंवरावर तिने रचलेले काव्य पुढे पुत्राने छापून प्रसिद्ध केले. लहानपणी हा मुलगा कोळशाने भिंतींवर पशुपक्षी रेखाटी. चाकर रागावत, मामा राजराजवर्मा मात्र थबकून पाहत. ते स्वतः चित्रकार होते. भाच्याच्या हातातील कोळसा काढून न घेता त्यांनी त्याच्या हाती कुंचला दिला.

किळिमानूरच्या त्या वाड्याने मुलाला आणखी एक देणगी दिली. कथकलीच्या नटाचा पोशाख अवजड, मुखावर रंगांचा जाड थर, आणि वाणी मुळीच नाही. जे सांगायचे ते हस्तमुद्रांनी, भुवयांनी, डोळ्यांच्या बाहुल्यांनी आणि गालांच्या सूक्ष्म स्फुरणाने. नऊ रसांसाठी नटाला डोळ्यांची आणि भुवयांची साधना वर्षानुवर्षे करावी लागते. समईच्या उजेडात रात्र-रात्र हे पाहणाऱ्या मुलाच्या मनावर बोलणाऱ्या चेहऱ्याचा ठसा उमटला नसता, तरच नवल.

नजरेने घेतलेली विद्या

१८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम् तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराजांनी आश्रय दिला; परंतु तैलरंगाची विद्या देणारा गुरू मिळेना. दरबारातील तैलचित्रकार रामस्वामी नायडू यांनी आपले ज्ञान या तरुणापासून राखून ठेवले. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढण्यास आला. त्यानेही शिकविण्यास नकार दिला. महाराजांच्या शब्दाखातर केवळ काम चालू असताना पाहू देण्यास तो राजी झाला. तेवढे रविवर्म्यांना पुरले. रंगात तेल किती, उजेड गालावर कोठून घ्यावा, सावली हनुवटीखाली कशी विरावी, हे ते पाहत आणि घरी येऊन एकट्याने करून पाहत. गुरुमुखातून विद्या न मिळाल्यामुळे डोळ्यांनाच गुरू करावे लागले. पुढे ज्याने आयुष्यभर चेहरे वाचले, त्याची दीक्षा ही अशी मूक होती.

१८७० साली त्यांनी व्रतस्थ राहून कोल्लूरच्या मूकांबिका देवीची उपासना केली. त्या यात्रेवरून परतताना कालिकत येथे एका प्रतिष्ठित कुटुंबाचे चित्र काढण्याचे काम त्यांना मिळाले आणि व्यवसायाचा शुभारंभ देवीच्या प्रसादानेच झाला, असे चरित्रकार सांगतात. १८७३ साली केसांत मोगऱ्याची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राने मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या कलेचा गौरव झाला.

लक्षण आणि भाव

येथे चरित्राचा ओघ क्षणभर थांबवून चेहऱ्याच्या शास्त्राविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे. कारण त्यावाचून रविवर्म्यांच्या कामाचे मोल ध्यानात येणार नाही.

चेहऱ्याकडे पाहण्याच्या दोन वाटा जगात फार पूर्वीपासून आहेत. पहिली वाट लक्षणांची. कपाळ रुंद की अरुंद, नाक सरळ की बसके, कान केवढे, यांवरून मनुष्याचा स्वभाव आणि भाग्य सांगावयाचे. आपल्याकडे यास सामुद्रिक म्हणतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत स्त्रीपुरुषांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. युरोपात लाव्हाटर नावाच्या स्विस धर्मोपदेशकाने १७७५ पासून याच विषयावर मोठे सचित्र ग्रंथ काढले आणि सुशिक्षित घरांतून ते वेडासारखे वाचले गेले. दुसरी वाट भावांची. नाक-डोळे जन्माने कसे आहेत हे गौण. या क्षणी अंतःकरणात जे उसळले आहे ते मुखावर कसे उमटते, एवढेच पाहावयाचे. फ्रान्सच्या राजदरबारातील चित्रकार शार्ल ल ब्रं याने १६६८ साली राग, भय, विस्मय यांच्या मुद्रा चित्रकारांना रेखाटून समजावल्या. व्हिएन्नात नाव मिळविलेल्या मेसरश्मिट या शिल्पकाराने अठराव्या शतकात वेडावलेल्या, कण्हणाऱ्या, हसणाऱ्या मस्तकांची एक मालिकाच घडविली. १८७२ साली डार्विनने मनुष्य आणि पशू यांच्या भावमुद्रांवर ग्रंथ लिहिला.

आमच्या मते या दोन वाटांमधील भेद रामायणाने फार सुंदर रीतीने दाखविला आहे. युद्धकांडात इंद्रजिताच्या शरबंधाने रामलक्ष्मण निश्चेष्ट पडतात आणि पुष्पकातून सीतेला ते दृश्य दाखविले जाते. ती माउली विलाप करते, की सौभाग्याची सर्व लक्षणे माझ्या देहावर असल्याचे जाणत्यांनी सांगितले होते. ती आज खोटी ठरली. त्या वेळी त्रिजटा तिला धीर देते, तो लक्षणांच्या आधारे नव्हे. ती म्हणते, की या दोघांच्या मुखांवरील कांती गेलेली नाही. गतप्राण वीरांची मुखे अशी राहत नाहीत. लक्षणांनी भाकीत केले होते. त्रिजटेने समोरचा चेहरा पाहिला. राक्षसकुळात जन्मलेल्या त्या स्त्रीला तो वाचता आला, कारण तिच्या दृष्टीत करुणा होती.

आपल्या चित्रशास्त्राचा कलही भावाकडेच आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात, की नृत्य जाणल्यावाचून चित्र कळत नाही. तेथे डोळ्यांचे आकार भावानुसार भिन्न सांगितले आहेत. योगस्थ पुरुषाचा डोळा धनुष्यासारखा. स्त्रिया आणि प्रेमी यांचा मत्स्याच्या उदरासारखा. निर्विकार, शांत मनुष्याचा नीलकमलाच्या पाकळीसारखा. भ्यालेल्या वा रडणाऱ्याचा पद्मपत्रासारखा. आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे सूत्र असे, की राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या तीनच रसांची चित्रे असावीत. उरलेल्या रसांना देवालये आणि राजसभा मोकळ्या आहेत. ज्या भिंतीखाली लेकरे निजतात, तेथे भयानकाला जागा नसावी, हे पूर्वजांनी किती ममतेने ठरविले होते!

चौदा चित्रे आणि एक कोळीकन्या

रविवर्म्यांच्या कार्याला महाराष्ट्राशी आणि मराठी राजकुलाशी जोडणारे पहिले पुरुष सर टी. माधवराव. तंजावरकडील मराठी घराण्यातील हे मुत्सद्दी प्रथम त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. १८८१ साली सयाजीराव गायकवाडांच्या अधिकारग्रहण समारंभाच्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आले. इतकी मागणी दोन हातांनी पुरी होणार नाही. चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत, म्हणजे ती सामान्यांनाही मिळतील, असा सल्ला माधवरावांनी १८८४ च्या एका पत्रात दिला. बीज पडले ते तेथे.

१८८८ साली सयाजीरावांनी पुराणकथांवरील चौदा चित्रांचे काम त्यांच्याकडे सोपविले. देवदेवतांचा वेष कसा असावा, मुख कोणत्या प्रांतीचे असावे, हा प्रश्न होता. रविवर्मा आपले धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना घेऊन उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. ठिकठिकाणचे पोशाख, अलंकार, माणसे त्यांनी न्याहाळली. साऱ्या देशाला समान असा पुराणकालीन वेष सापडला नाही. अखेर त्यांनी साडी स्वीकारली. आज आपल्याला देवी साडीतच दिसते, यामागे हा निर्णय आहे.

या चौदा आणि पुढच्या चित्रांतून त्यांनी कथेतला नेमका कोणता क्षण निवडला, हे पाहण्यासारखे आहे. शकुंतला पायातला काटा काढण्याचे निमित्त करून वळते. तिचा चेहरा सखींना दिसत नाही, आपल्याला दिसतो. मेनका तान्ही शकुंतला पुढे करते आणि विश्वामित्र हात आडवा धरून मुख फिरवितात. पित्याचा नकार सांगायला त्यांनी चेहरा झाकून घेतला. जटायुवधात रावणाचे मुख क्रोधाने विकृत झाले आहे आणि सीतेने आपले मुख हाताने झाकले आहे. भय दाखविण्यासाठी भेसूर मुद्रा काढण्याचा मोह त्यांनी टाळला. भाव पुरता फुटण्याच्या एक क्षण आधी कुंचला थांबविणे, ही त्यांची रीत होती.

चौदा चित्रांतील शंतनु आणि मत्स्यगंधा हे चित्र आम्हांला खाडीकाठच्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. हस्तिनापूरचा सम्राट नावेपाशी आला आहे. समोर होडी हाकणारी कोळ्याची कन्या. रविवर्म्यांनी तिच्या मुखावर संकोच दाखविला. दैन्य दाखविले नाही. हीच पुढे राजमाता सत्यवती झाली. व्यासांची जननी तीच. ज्या महाभारताने आपले घर आणि आपली वाणी घडविली, त्याचा उगम एका होडीत आहे. चित्रकाराला ते मुख राजकन्येच्या मुखाहून उणे वाटले नाही.

याचे महत्त्व त्या काळाकडे पाहिल्यावर उमगते. याच दशकात हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी या देशातील माणसांची नाके मोजमापाच्या साधनाने मोजवून घेत होता. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या बंगालच्या जातिजमातींवरील ग्रंथात त्याने नाकाच्या रुंदीचा आणि जातीच्या उच्चनीचतेचा संबंध लावला. लक्षणांच्या वाटेचे हे टोक होते. चेहरा हा माणसाची पायरी ठरविणारा दाखला बनला. आज मानवशास्त्राने ते मोजमाप टाकून दिले आहे. नाकावरून वा कपाळावरून शील कळत नाही, हे निर्विवाद ठरले आहे. परंतु त्या वेळी ते शास्त्र म्हणून मिरवत होते. एक मनुष्य या देशाच्या चेहऱ्यांत उतरंड शोधीत होता, त्याच वर्षांत दुसरा त्याच चेहऱ्यांत देवता शोधीत होता. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रे गेली आणि पदके घेऊन आली. त्यांत हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतील स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या कोणालाही त्यांनी हीन दाखविले नाही. त्याच वर्षी, त्याच नगरात स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत उभे राहिले होते, हा योगायोग मनात घर करतो.

दगडावरील देवता

बडोद्याची चौदा चित्रे १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. ती प्रदर्शनातून मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. राजवाड्यात टांगलेले चित्र लोकांना पुन्हा दिसणार नव्हते. माधवरावांचा सल्ला आता फळास आला. चित्रे परदेशी न धाडता १८९४ साली मुंबईत गिरगाव भागात त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणविले. पहिले चित्र शकुंतलाजन्माचे. पाठोपाठ लक्ष्मी आणि सरस्वती.

हे छापणे सोपे नव्हते. शिळाछापात चित्र चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर उलटे उतरवावे लागे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गालावरची लाली एका दगडाची, ओठांचा रंग दुसऱ्याचा, पापणीखालची छाया तिसऱ्याची. एकच कागद या सर्व दगडांखालून क्रमाने जाई. एखादा रंग केसभर सरकला, तर वस्त्राचे फारसे बिघडत नसे. पण ओठांची कड सरकली की प्रसन्न मुख खिन्न होई आणि बाहुली सरकली की देवीची दृष्टीच फिरे. चित्रकाराने महिनोन्‌महिने शोधलेला भाव कारागिराच्या हातातल्या केसभर अंतरावर अवलंबून असे. त्या अनाम कारागिरांचेही ऋण आपल्यावर आहे.

मुंबईत राजराजवर्म्यांनी ठेवलेल्या दैनंदिनीत या बंधूंचा दिनक्रम आढळतो: दिवसभर काम, सायंकाळी पुष्कळदा नाटक. रंगभूमीवरील मुद्रा ते न्याहाळीत असणार, यात शंका नाही. प्रतिष्ठित घरातील स्त्रिया चित्रकारापुढे बसण्यास तयार नसत. म्हणून समाज ज्यांना आदराने वागवीत नसे, अशा स्त्रियाही त्यांच्यापुढे बसल्या. त्यांच्या चेहऱ्यातून सीता, दमयंती, सरस्वती घडल्या. पूजेचे चित्र कोणाच्या मुखावरून काढले, असा कुत्सित प्रश्न पुढे काहींनी केला. आम्हांला वाटते, त्याचे उत्तर आपल्या धर्मानेच दिलेले आहे. सर्व स्त्रियांच्या ठायी देवीचे रूप आहे, असे आपण नवरात्रात नित्य म्हणतो. रविवर्म्यांनी ते वचन कुंचल्याने खरे मानले.

मग मुंबईत प्लेग आला, व्यवहार विस्कळीत झाले. छापखाना मुंबईबाहेर हलला आणि त्या शतकाच्या अखेरीस मळवलीस स्थिरावला. कला उत्तम, हिशेब मात्र जुळेना, कर्ज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो त्यांनी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. चित्रे छापली जात राहिली. नाव रविवर्म्यांचेच राहिले. दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्यात काम केले. देवांची चित्रे हलती-बोलती करण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या पुरुषाने १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणला, तेव्हा या शिळांची धूळ त्यांच्या हाताला लागलेली होती.

आक्षेप आणि त्याचे मोल

रविवर्म्यांवर टीका झाली आणि ती करणारे सामान्य नव्हते. भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी, हॅवेल यांना ही चित्रे नाटकी वाटली. देव हा नटासारखा उभा केला, माणसासारखा रंगविला, त्यात अलौकिकता उरली नाही, असा त्यांचा आशय. हा आक्षेप हलका नाही. आपल्या जुन्या देवीचे रूप आठवा: शेंदूर माखलेला तांदळा आणि रुप्याचे दोन डोळे. तेथे मुद्रा नाही. केवळ दृष्टी आहे, आणि त्या दृष्टीपुढे मनुष्य आपोआप नमतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीतले चेहरेही मानवी चेहऱ्याची नक्कल करीत नाहीत. मोठ्या डोळ्यांतून कथा सांगतात. छापील चित्रांच्या लाटेत गावोगावची अशी निराळी रूपे मागे पडली, हे खरे. रविवर्म्यांच्या देवी गोऱ्याच राहिल्या, हेही खरे. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींचा सावळा वर्ण लक्ष्मीच्या मुखावर त्यांना आणता आला नाही. ज्या चित्रकाराने मत्स्यगंधेला सन्मान दिला, त्याच्याकडून हे घडावयास हवे होते, अशी रुखरुख आम्हांलाही वाटते.

परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. ज्या काळी ही चित्रे छापली गेली, त्या काळी या देशातील असंख्य माणसांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. रविवर्म्यांच्या स्वतःच्या त्रावणकोरात मंदिरप्रवेशाची घोषणा १९३६ साली झाली. आपल्या पंढरीत विठुमाउलीचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. त्याच्या चाळीस-पन्नास वर्षे आधीपासून छापील लक्ष्मी मात्र कोणाची जात न विचारता घरात येत होती. जिला गाभाऱ्याच्या अंधारात दुरूनही पाहता आले नसते, ती झोपडीच्या भिंतीवरून समोर पाहत होती. तिचे मुख ओळखीचे होते, माणसाचे होते, म्हणूनच तिला आपले दुःख सांगण्याचे धैर्य झाले. मूर्तीत अलौकिकता उणी झाली असेल. जवळीक वाढली, हे नाकारता येत नाही. आणि चित्रसूत्राने घरासाठी जो शांत रस सांगितला होता, तो या चित्रांनी अगदी साध्या घरांपर्यंत पोहोचविला.

अखेरचे दिवस

१९०४ साली रविवर्म्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. मानसन्मान आले, पण सोबती गेला. १९०५ च्या जानेवारीत धाकटे बंधू राजराजवर्मा निवर्तले. प्रवासात, छापखान्यात, चित्रांच्या पार्श्वभूमीतील डोंगर-नद्या रंगविण्यात सावलीसारखा राहिलेला हा भाऊ गेल्यावर त्यांचा उजवा हात जणू गळाला. तरीही म्हैसूर दरबारासाठी हाती घेतलेली पुराणचित्रे त्यांनी तडीस नेली. प्रकृती ढासळत गेली आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे त्यांनी देह ठेवला. ज्या भिंतींवर बालपणी कोळशाने रेघोट्या ओढल्या, त्या भूमीतच कुंचला विसावला.

मळवलीचा छापखाना त्यानंतरही चालला. १९७२ साली आगीत तो नष्ट झाला आणि शिळा-चित्रांचा मोठा ठेवा गेला. १९७९ साली भारत सरकारने रविवर्म्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परंतु जी चित्रे त्यांनी लोकांच्या हाती दिली, त्यांना राखणदाराची गरज कधी पडली नाही. दिनदर्शिकेवर, दुकानाच्या गल्ल्यामागे, होडीच्या फळीवर आणि आता हातातील मोबाईलच्या पडद्यावर तेच मुख उजळते.

या थोर पुरुषाच्या जीवनापासून आपण काय घ्यावे? आम्हांला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. आपण चेहरे रोज वाचतो. मुलगी पाहताना नाक-वर्ण पाहतो, दाराशी आलेल्या माणसाची मुद्रा पाहून त्याचे कुळ आणि लायकी ठरवून मोकळे होतो. ती लक्षणांची वाट. तिने फार माणसे दुखावली आहेत. रविवर्मा चेहऱ्यापुढे थांबत आणि तेथे चाललेले सुखदुःख ओळखू पाहत. नवरात्राच्या नऊ दिवसांत सवाष्णीची ओटी भरताना, कुमारिकेचे पाय धुताना, दारी जोगवा मागायला आलेल्या स्त्रीच्या परडीत पीठ घालताना तिच्या मुखाकडे क्षणभर तसे पाहावे. वर्ण कोणताही असो, नाक कसेही असो, तेथे देवीची काही खूण दिसते का, ते शोधावे. भिंतीवरील चित्राला वाहिलेल्या फुलाइतकीच ती पूजाही जगदंबेच्या चरणी रुजू होईल, अशी आमची श्रद्धा आहे.